कंपनीतलं वातावरण सुधारायचंय? मग फन फ्रायडे सगळ्यात शेवटी ठेवा

दर दिवाळीनंतर मला दोन-तीन फोन तरी ठरलेले असतात. बोनस हातात पडला की पोरं सोडून जातात, मग मालक नाहीतर एचआरवाला फोन करतो, "मॅडम, कल्चरवर काहीतरी करायचंय, एखादं ट्रेनिंग घ्या ना." आतापर्यंत काय काय केलंय विचारलं की उत्तर साधारण सारखंच येतं, फन फ्रायडे म्हणजे शुक्रवारच्या खेळांसाठी कॅरम आणला, वाढदिवसाला केक कापतो, भिंतीवर व्हॅल्यूज लावल्यात, पावसाळ्यात लोणावळ्याला सहल काढली होती. बरं, आणि पगार किती तारखेला होतो? "तसा दहाच्या आसपास होतो, कधी ग्राहकाचं पेमेंट अडकलं तर पंधरा."

घोळ इथेच आहे. यातली एकही गोष्ट वाईट नाही, पण क्रम उलटा आहे. ज्याचा ईएमआय पाच तारखेला बाउन्स झालाय त्याला कॅरमचं काय कौतुक. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आणि हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांत मिळून चौदा वर्षं एचआर केल्यावर मी जो क्रम धरते तो खाली देतेय. साधारण ३० ते ३०० माणसांच्या कंपनीला तो चालतो, कारखान्याचा शॉप फ्लोअर असो की लॅपटॉपवालं ऑफिस. टप्पे उड्या मारून करू नका, खरंच सांगते, चौथा आधी आणि दुसरा नंतर केला तर चौथा वाया जातो.

सुरू करण्याआधी एकच अट. मालकाने किंवा जो कुणी शेवटची सही करतो त्याने सहा महिने दर आठवड्याला एक तास द्यायचा. तो नसेल मिळणार तर सुरूच करू नका. अर्धवट सोडलेलं काम लोकांना नीट लक्षात राहतं, पुढच्या वेळी "आलं परत काहीतरी नवीन" म्हणून हसतात आणि त्यांचं चुकत नाही.

टप्पा १ : आधी कागद, माणसं नंतर (१ आठवडा)

कुणाशीही बोलायच्या आधी मागच्या १२ महिन्यांचं हे सगळं एका टेबलावर आणा:

- पंचिंगचा डेटा, लेटमार्क आणि गैरहजेरीसकट
- सोडून गेलेल्यांची यादी: जॉइन कधी, सोडलं कधी, कुणाच्या हाताखाली
- पगार खात्यात पडल्याच्या खऱ्या तारखा, बँक स्टेटमेंटवरून, अकाउंट्सच्या तोंडावरून नाही
- ओटीचे म्हणजे ओव्हरटाइमचे तास आणि त्याचे दिलेले पैसे
- रजेचे अर्ज, नामंजूर झालेले वेगळे काढून

आता सोडून गेलेल्यांची टक्केवारी काढा. वर्षभरात सोडलेले भागिले सरासरी माणसं गुणिले १००. म्हणजे सरासरी ८० माणसं आणि २० गेली तर २५ टक्के. पण नुसता २५ घेऊन बसू नका, त्याला दोन ठिकाणी फोडा.

पहिलं, यातले किती जण पहिल्या ९० दिवसांत गेले? हे लोक कल्चरला कंटाळून नाही जात, इतक्या लवकर कोण कंटाळतंय. इंटरव्ह्यूला सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम वेगळं निघालं, नाहीतर पहिले आठ दिवस त्याला कुणी विचारलंच नाही, जेवायला कुणाबरोबर बसायचं ते पण कळलं नाही, हीच दोन कारणं बहुतेक वेळा असतात. दुसरं, सुपरवायझरप्रमाणे किती गेले? २० पैकी ११ जण एकाच्याच हाताखालचे निघाले तर अख्ख्या कंपनीचं वातावरण बिघडलेलं नाहीये, एका खुर्चीचं बिघडलंय, आणि तुमचं निम्मं काम इथेच कळलं.

थांबा: ही यादी अजून कुणाच्या हातात द्यायची नाही, त्या सुपरवायझरच्या तर नाहीच. आत्ता नाव बाहेर आलं तर पुढे लोक तोंड उघडणार नाहीत.

टप्पा २ : देणं-घेणं साफ करा (३ ते ४ आठवडे)

हा टप्पा रटाळ आहे, म्हणून सगळे गाळतात.

पगाराची तारीख. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा हे कायद्यातच आहे, त्यात मेहेरबानी काही नाही. एक तारीख ठरवा आणि नोटीस बोर्डावर लावा. कधी अडलंच तर आदल्या दोन दिवसांत स्वतःहून सांगा, "यावेळी ७ ऐवजी ९ ला होईल, कारण हे." उशीर लोक एखादवेळी समजून घेतात, पण नऊ तारखेपर्यंत कुणी काही बोलतच नाही आणि अकाउंट्सचा माणूस जिना बदलून जातो, ते नाही समजून घेत.

पीएफ. पुढच्या महिन्याच्या १५ च्या आत भरायचा असतो. आजकाल प्रत्येकाच्या मोबाइलवर पासबुक दिसतं, पगारातून कापलेला पीएफ तिथे दिसला नाही की त्याची चर्चा चहाच्या टपरीवर तुमच्या आधी पोचते.

ओटी. कायद्याने दुप्पट दराने. पैशांऐवजी "कॉम्प ऑफ घे", म्हणजे बदली सुट्टी घे, म्हणायचं आणि मग कॉम्प ऑफ मागितला की "आत्ता लोड आहे" म्हणायचं, हे बंद.

बोनस. जे पात्र आहेत त्यांना पगाराच्या हिशेबाने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. तो पाकिटात घालून साहेबांच्या हस्ते भाषण करून देऊ नका, त्यांचाच पैसा आहे.

हिशेब. नव्या वेतन संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, काम सोडल्यावर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. आपल्याकडे फुल अँड फायनलसाठी ४५ दिवस लटकवायची सवय आहे. त्यात पैसे वाचत नाहीत. सोडून गेलेला माणूस रोज संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याला फोन करतो, "अरे अजून नाही दिले रे", आणि हे ऐकणारा तुमच्याकडेच कामाला असतो.

रजा. सगळ्यात जास्त भांडणं इथे. दुकानं व आस्थापना कायद्याखाली येत असाल तर वर्षाला ८ किरकोळ रजा असतात, कारखान्याचे नियम वेगळे, तुमच्या कन्सल्टंटकडून एका पानात लिहून घ्या आणि ते पान मराठीत भिंतीवर लावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्तर. माणूस व्हॉट्सअॅपवर "सर उद्या रजा हवी होती, आईला डॉक्टरकडे न्यायचंय" असं टाकतो, निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही, आणि तो रात्रभर विचार करतो की जाऊ की नको. नियम असा करा: २४ तासांत हो किंवा नाही, उत्तर आलंच नाही तर रजा मंजूर समजायची. हा एक नियम लागू झाल्यावर मी साहेब लोकांना चार दिवसांत शिस्त लागलेली पाहिलीय.

तपासा: कुठल्याही तीन जणांना अचानक विचारा, "यंदा तुमच्या किती रजा शिल्लक आहेत?" एका मिनिटात उत्तर देता आलं नाही तर हा टप्पा झालेला नाही, पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : जागा एकदा फिरून बघा (२ दिवस)

एक दिवस फर्स्ट शिफ्टला, एक दिवस नाइटला. पाणी, पंखे, बसायची जागा, जेवायची जागा आणि संडास. बाकीच्यावर मी वेळ घालवत नाही, संडासाबद्दल मात्र सांगते.

चाकणकडच्या एका कंपनीत लेडीज वॉशरूमला कुलूप असायचं आणि किल्ली अॅडमिनच्या टेबलावर. बाहेरचे ड्रायव्हर वापरतात म्हणून कुलूप. म्हणजे प्रत्येक बाईने दर वेळी त्या टेबलावर जायचं, तिथे बसलेल्या पुरुषाकडे किल्ली मागायची, आणि तो फोनवर असला तर समोर उभं राहायचं. पोरी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हे सर्व्हेत कुणी लिहिलं नव्हतं, एकीनेही नाही, मला कँटीनच्या मावशींनी सांगितलं ते पण भांडी आवरता आवरता. आतून कडी आणि बाहेर कोड लॉक बसवायला एक दुपार लागली.

म्हणून मावशी, वॉचमन, बसचा ड्रायव्हर, हाउसकीपिंगवाले दादा, यांच्याबरोबर चहा प्यायचाच. कंपनी खरी कशी चालते ते यांना माहीत असतं.

टप्पा ४ : ऐका, पण नाव लपवून (३ आठवडे)

आता सर्व्हे. प्रश्न पाचच, मराठीत आणि जिथे लागेल तिथे हिंदीत, कागदावर, फक्त टिक करायची म्हणजे अक्षरावरून कोण ते कळत नाही:

१. काम करताना अडलं तर मी माझ्या साहेबांना न घाबरता विचारू शकतो/शकते.
२. माझ्याकडून चूक झाली तर ती मी स्वतः सांगेन.
३. मागच्या महिन्यात कुणीतरी माझं काम चांगलं झालं असं म्हणालं.
४. मला चार लोकांत अपमान सहन करावा लागलेला नाही.
५. माझ्या भावाला किंवा बहिणीला मी इथे नोकरी लावेन.

पाचव्याचं उत्तर सगळ्यात खरं येतं. स्वतःबद्दल माणूस "ठीक आहे, चाललंय" म्हणतो, पण भावाला आणायचं म्हटलं की थांबतो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ६०-६५ माणसांच्या एका कंपनीत मी मोठ्या उत्साहाने सर्व्हे घेतला, वर ठळक अक्षरात "नाव लिहू नये", आणि खाली तीन रकाने, विभाग, स्त्री/पुरुष, नोकरीची वर्षं. टूल रूममध्ये बाई एकच होती. तिने लिहिलं होतं की साहेब सगळ्यांसमोर ओरडतात. मालकाने गठ्ठा चाळला, तो कागद वर काढला आणि म्हणाले, "ही कोण ते कळलं." मी तिथेच बसले होते, काही बोलले नाही. दोन महिन्यांत ती सोडून गेली, आणि जाताना माझ्याकडे बघून हसली, ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून माझे नियम:

- विभाग सोडून दुसरा रकाना नाही, आणि ज्या विभागात १० पेक्षा कमी माणसं आहेत तो दुसऱ्यात मिसळायचा.
- मूळ कागद मालकाला दाखवायचे नाहीत, फक्त बेरीज.
- ऑनलाइन फॉर्म असेल तर ईमेल गोळा करायचा पर्याय बंद आहे ना ते स्वतः बघायचं, तो चालू राहिला की "निनावी" या शब्दाला अर्थ नाही.
- कंत्राटी माणसं, अप्रेंटिस, नाइट शिफ्ट, सगळे यात. कंत्राटदाराचे लोक वगळून काढलेला आकडा छान येतो आणि खोटा असतो.

सर्व्हेनंतर २०-२० मिनिटांच्या एकेकट्या गप्पा, दहातल्या दोघांशी तरी. सुपरवायझरने घ्यायच्या नाहीत, मालकानेही नाही. केबिनमध्ये नको, कँटीनचा कोपरा चालेल. "काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारलं की "काही नाही मॅडम, सगळं ओके" असंच येणार, आपल्याकडे समोर तक्रार करणं म्हणजे आगाऊपणा. त्यापेक्षा विचारा, "मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी कामावर यायचा कंटाळा आला? त्या दिवशी काय होतं?" दिवस आठवला की माणूस बोलायला लागतो.

टप्पा ५ : तीस दिवसांत तीन गोष्टी करून दाखवा

ऐकून घेतलं आणि पुढे काहीच झालं नाही, हे न ऐकण्यापेक्षा वाईट. एका ठिकाणी मी सूचनापेटी उघडायला सांगितली तर किल्लीच सापडेना, शेवटी कुलूप तोडलं, आत गुटख्याच्या पुड्या आणि एक चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी. चिठ्ठीत पार्किंगला पत्रा टाका एवढंच होतं. पत्रा अजून नव्हता.

बोर्डावर तीन रकाने करा: तुम्ही काय सांगितलंत, आम्ही काय केलं, काय करणार नाही आणि का. तिसरा रकाना लिहायला सगळे घाबरतात. घाबरू नका. "शनिवारची सुट्टी यंदा शक्य नाही, कारण मुख्य ग्राहकाची लाइन शनिवारी चालते" एवढं सरळ लिहिलं तर लोक कुरकुरतात आणि सोडून देतात. गुळमुळीत "विचार चालू आहे" मात्र दोन-दोन वर्षं डोक्यात राहतं.

तिन्ही गोष्टी लहान आणि डोळ्याला दिसणाऱ्या निवडा. पत्रा टाका, कुलर दुरुस्त करा, बसची वेळ दहा मिनिटं पुढे करा.

थांबा: पहिल्या तीस दिवसांत मोठी घोषणा नको, ग्रेड स्ट्रक्चर बदलू, ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर देऊ वगैरे. पाळता आली नाही तर पत्र्याचं पुण्यही जातं.

टप्पा ६ : सुपरवायझर आणि टीम लीडर (२ ते ३ महिने, इथे घाई नाही)

अख्ख्या गाइडमधला हा टप्पा सगळ्यात जड. माणसाला कंपनी म्हणजे कोण? त्याच्या रोजच्या आठ-नऊ तासांत त्याच्याशी बोलणारा एक माणूस. मालक त्याला दसऱ्याच्या पूजेला दिसतो.

आणि हा माणूस आपण कसा निवडतो? जो सगळ्यात चांगला ऑपरेटर किंवा सगळ्यात चांगला कोडर त्याला उचलून वर बसवतो. काल मशीन चालवत होता, आज बारा माणसं चालवायची, आणि मधल्या रात्रीत त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. मग तो त्याच्या साहेबाने त्याला जसं वागवलं तसंच वागवतो. त्याला नालायक ठरवून मोकळे होऊ नका, शिकवा.

दर आठवड्याला ४५ मिनिटं, सहा-सात जणांचा गट, तीनच विषय फिरवून फिरवून.

अ) चूक कशी दाखवायची. जागा, वेळ आणि वाक्य. सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. त्याच दिवशी, महिन्याच्या मीटिंगपर्यंत साठवून नाही. आणि वाक्य कामाबद्दल, माणसाबद्दल नाही. "तुला कितीदा सांगायचं रे, डोकं कुठे असतं तुझं" ऐवजी "हे बघ, या लॉटमध्ये सहा पीसचं भोक मोठं झालंय, सेटिंग कधी तपासलं होतंस?" वाचायला सोपं वाटतं. करून घ्या, दोघांना समोरासमोर उभं करून बोलायला लावा, पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्यांदा जमायला लागतं.

ब) काम चांगलं झालं तर सांगणं. आपल्याकडे "जास्त चढवू नये" ही समजूत फार. नुसतं "शाब्बास" पण नको, काय चांगलं ते सांगा. "काल ट्रक लवकर आला तेव्हा तू जेवण सोडून लोडिंगला उभा राहिलास ना, त्यामुळे गाडी अडली नाही." माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो हे.

क) नवीन माणसाचा पहिला आठवडा. सोबत एक जोडीदार ठरवून द्या, पहिल्या दिवशी जेवायला कोण नेणार ते नाव लिहून ठेवा. आठव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि साठाव्या दिवशी दहा मिनिटं, "सांगितलं होतं तसंच आहे ना काम?" पहिल्या टप्प्यात काढलेला ९० दिवसांचा आकडा मुख्यतः इथे खाली येतो.

आता त्या एका खुर्चीचं काय? बहुतेक कंपन्यांत असा एक असतो, प्रॉडक्शन दणकून काढतो, ग्राहक त्याचंच नाव घेतो, आणि त्याच्या हाताखाली कुणी टिकत नाही. मालकाला विचारलं की "तो जरा रागीट आहे, पण मनाने चांगला आहे हो." मनाने असेलही चांगला. त्याला एकदा स्पष्ट सांगा, लेखी द्या, तीन महिने शिकवा, दर पंधरा दिवसांनी बसा. फरक नाही पडला तर त्याच्याकडून माणसं काढून घ्या, मशीन द्या, पगार तोच ठेवा. अशी माणसं टेक्निकल कामात पुष्कळदा खूशच होतात. शिवीगाळ आणि हात उचलणं यात मात्र तीन महिने वगैरे नाही, तिथे रीतसर चौकशी आणि कारवाई.

सगळी कंपनी तुमच्याकडे इथेच बघत असते. पोस्टरवर "रिस्पेक्ट" आणि तो माणूस तसाच खुर्चीवर, मग ते पोस्टर उतरवलेलं बरं.

तपासा: पुढचे दोन महिने शॉप फ्लोअरवर कान ठेवा. ओरडण्याचा आवाज कमी झालाय का? मी हे कधीही कागदावर मोजलेलं नाही, पण ऐकू येतं.

टप्पा ७ : चूक सांगायला जागा करा

टोयोटाच्या लाइनवर कामगार दोरी ओढून अडचण दाखवू शकतो हे आपल्याकडच्या बऱ्याच ऑटो कंपन्यांनी उचललं, दिवे लावले, दोऱ्या लावल्या, आणि दोरी ओढली की "आता काय झालं परत?" म्हणणारा लीडर तोच. दोरी चालते ती लीडर आल्यावर पहिलं काय बोलतो त्यावर. "दाखव, काय दिसलं तुला?" एवढंच बोलायचं. कोण चुकलं ते नंतर, आधी काय झालं.

ऑफिसमध्ये दोरी नसते, तिथे दर पंधरवड्याला अर्धा तास ठेवा: काय चुकलं, का, पुढे काय बदलायचं. पहिल्या दोन वेळा साहेबाने स्वतःची चूक सांगायची, खरीखुरी, "मी जरा जास्तच मेहनत घेतो" टाइप नाही. "त्या क्लायंटला मी न विचारता तारीख दिली, तुमचा शनिवार-रविवार गेला, चूक माझी." एकदा हे कानावर पडलं की बाकीच्यांची जीभ सुटते.

टप्पा ८ : फोन, ग्रुप आणि मीटिंगा

थोडक्यात सांगते. व्हॉट्सअॅप ग्रुप मोजा. एका माणसामागे कामाचे चारपेक्षा जास्त असतील तर बंद करायला सुरुवात करा. सुट्टीवरच्या माणसाला फोन करायचा तर आधी साहेबाच्या साहेबाला विचारायचं, एवढा एक अडथळा घातला तरी निम्मे फोन होत नाहीत. रात्री आठनंतर "अर्जंट" म्हणजे काय ते लिहून काढा: लाइन बंद, अपघात, सर्व्हर डाउन. उद्याच्या मीटिंगचा पीपीटी यात येत नाही. आणि मालकाला रात्री साडेअकराला सुचतं हे मला मान्य आहे, त्यांनी लिहून ठेवावं, सकाळी नऊला पाठवावं, शेड्यूल करायची सोय ईमेलमध्ये असतेच. कारण वर "आत्ता बघू नका" लिहिलं तरी साहेबाचा मेसेज माणूस आत्ताच बघतो.

टप्पा ९ : तक्रार कुठे करायची ते प्रत्येकाला माहीत हवं

रोजच्या तक्रारीला दोन दारं हवीत, एक साहेब आणि दुसरं साहेबाला सोडून. एकच दार असलं आणि तक्रार त्याच साहेबाची असली तर माणूस जाणार कुठे.

लैंगिक छळाच्या तक्रारीचं वेगळं आहे, तिथे २०१३ चा कायदा आहे आणि त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नाही. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती करावीच लागते. त्यातल्या नेहमीच्या चुका:

- अध्यक्ष वरच्या पदावरची महिला कर्मचारीच हवी. मालकाच्या पत्नीचं नाव नुसतं कागदावर घालणारे खूप पाहिलेत.
- कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूणात निम्म्या तरी महिला.
- मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. २०१६ ला केलेली समिती अजून बोर्डावर आणि त्यातल्या दोघी कधीच सोडून गेलेल्या, हे नेहमीचं दृश्य.
- तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, त्यावर कारवाई ६० दिवसांत.
- कंत्राटी आणि ट्रेनी महिलाही यात येतात.
- "आपसात मिटवा" असा दबाव टाकायचा नाही. समेट हवा असेल तर ती मागणी तक्रार करणारीकडूनच यायला हवी, आणि पैसे देऊन तर समेट करताच येत नाही.
- नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, कँटीनमध्ये तर अजिबात.

समिती न केल्याचा दंड ५०,००० रुपयांपर्यंत आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा पत्ता बोर्डावर लावा.

तपासा: नाइट शिफ्टच्या किंवा हाउसकीपिंगच्या एखाद्या ताईंना विचारा, "समितीत कोण कोण आहे?" एक तरी नाव आलं पाहिजे.

टप्पा १० : आता आणा कॅरम

आता केक कापा, सहल काढा, खंडेनवमीला मशीन पूजा थाटात करा, गणपती बसवा, ऑफिसात तामिळ आणि बिहारी पोरं असतील तर पोंगल आणि छठही लक्षात ठेवा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. सहल सुट्टीच्या दिवशी सक्तीची नको, आणि घरी लहान मूल असलेल्या बाईला रात्रीच्या पार्टीला न येण्याबद्दल टोमणे नकोत.

आणि मिठाई. एका ठिकाणी दिवाळीला पर्मनंटला काजूकतलीचा एक किलोचा डबा आणि कंत्राटीला सोनपापडीचं पाव किलो, एकाच गेटमधून, एकाच वेळी, एकाच बसमध्ये हातात धरून घरी. वाचले असतील फार तर काही हजार रुपये. पुढच्या सर्व्हेत "भावाला इथे नोकरी लावेन" वर कंत्राटी लोकांच्या विभागातून एकही टिक नव्हती. डबा सगळ्यांना सारखा द्या, लागला तर अर्धा किलोचा द्या.

व्हॅल्यूजचं पोस्टर हवंच असेल तर आता लिहा, आणि एजन्सीकडून नको. सहा महिन्यांत कंपनीत काय खरं घडलं ते लोकांना विचारा. एका वर्कशॉपमध्ये पोरांनी लिहून दिलं होतं, "इथे विचारलं तर कुणी हसत नाही." तेच मोठ्या अक्षरात लावलं.

टप्पा ११ : सहा महिन्यांनी परत तोच कागद

तेच पाच प्रश्न, तेच शब्द, तीच पद्धत. शब्द बदलला तर तुलना करता येत नाही. सोबत सोडून गेलेल्यांचा आकडा, ९० दिवसांतला वेगळा, सुपरवायझरप्रमाणे वेगळा.

इथे एक घाबरवणारी गोष्ट होते म्हणून आधीच सांगून ठेवते. तक्रारी आणि नोंदवलेल्या चुका वाढलेल्या दिसतात. मालक म्हणतात, "बघा मॅडम, डोक्यावर बसवून घेतलं." तसं नसतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना नेमकं हेच दिसलं होतं, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथले लोक चुका लपवत नव्हते. तुमच्याकडे नोंदी वाढल्या पण ग्राहकाकडून परत येणारा माल आणि गैरहजेरी कमी झाली तर बरोबर चाललंय. तिन्ही वाढले तर टप्पा ६ वर परत जा, बहुतेक ती खुर्ची अजून तिथेच असेल.

हा सगळा हिशेब एका पानावर मांडा, बेरजेचं पान, माणसांची नावं नाहीत, आणि नोटीस बोर्डावर पगाराच्या तारखेशेजारी लावा. खाली पुढच्या सर्व्हेची तारीख लिहायला विसरू नका, आणि ती दिवाळीच्या आधीची ठेवा.